व्हीआरमधलं करिअर: फ्रेड ब्रुक्सनी नेमकं काय केलं आणि त्यातलं तुला काय घेता येईल

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, युनिटी, म्हणजे गेम आणि व्हीआर बनवायचं सॉफ्टवेअर, बऱ्यापैकी येतं, अख्ख्या कॉलेजात मिळून एक हेडसेट, त्यावर तुझे दोन प्रोजेक्ट झालेत, एक रायगडची व्हर्च्युअल सफर आणि दुसरं आग विझवायचं ट्रेनिंग. घरचे म्हणतात कॅम्पसमध्ये येईल ती ऑफर घे, तुला मात्र व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या जगात वावरायच्या तंत्रज्ञानात, रिसर्च करायचाय. आणि तू विचारलंयस की या क्षेत्रातल्या पायोनियर लोकांपैकी कुणाचं तरी करिअर नीट उलगडून सांगा, ती माणसं घडली कशी, आणि आज तशी वाट शिल्लक आहे का, की मेटाव्हर्सचा, म्हणजे सगळे व्यवहार व्हर्च्युअल जगात हलणार या कल्पनेचा, गाजावाजा ओसरला तशी तीही गेली.

मी गेली सतरा वर्षं कारखान्यांसाठी ट्रेनिंग सिम्युलेटर बनवतोय, पुण्याजवळ, सुरुवातीला साध्या स्क्रीनवर आणि नंतर बहुतेक सगळं हेडसेटवर. वयाने बराच मोठा आहे म्हणून सरळ तू म्हणतोय.

पीएचडी की नोकरी हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, ते घरच्या परिस्थितीवर आहे, डोक्यावर कर्ज किती आहे यावर आहे, त्याकडे नंतर येतो. पण तुझ्या पोस्टमध्ये एक भीती आहे जी तू थेट विचारली नाहीस. हे तंत्रज्ञान दर काही वर्षांनी उसळतं, पैसा येतो, मग आपटतं, हेडसेट कपाटात जातात. अशा गोष्टीवर आयुष्याची तीस-चाळीस वर्षं कुणी कशाच्या भरवशावर लावायची? मला वाटतं खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर मला ज्या एका माणसाच्या करिअरमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं त्यांच्याबद्दल लिहितो.

पायोनियर म्हटलं की लोक आयव्हन सदरलँडचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे, १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा त्रिमितीय डिस्प्ले त्यांनी चालवून दाखवला. किंवा जेरन लेनियर, ज्यांच्यामुळे ऐंशीच्या दशकात व्हर्च्युअल रिॲलिटी हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. मी तुला फ्रेड ब्रुक्स सांगणार आहे. हे नाव तू सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पेपरात वाचलं असणार, उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली की त्याला आणखी उशीर होतो हा जो ब्रुक्सचा नियम, तो याच ब्रुक्सचा, १९७५ च्या त्यांच्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकातला. परीक्षेत आपण तेवढंच लिहितो आणि पुढे जातो. त्यांनी त्यानंतरची कित्येक दशकं ग्राफिक्स आणि व्हीआरला दिली हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.

त्यांचा जन्म १९३१ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला, लहानपण ग्रीनव्हिल गावात गेलं, तो सगळा तंबाखूच्या शेतीचा मुलूख. १९४४ मध्ये हार्वर्ड मार्क वन हे अवाढव्य गणनयंत्र जाहीर झालं, त्याबद्दल या पोराने मासिकात वाचलं, वय १३, आणि डोक्यात बसलं ते बसलंच. मग ड्यूक विद्यापीठात फिजिक्स, आणि १९५६ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी, तीही मार्क वन ज्यांनी उभं केलं त्या हॉवर्ड एकन यांच्याच हाताखाली. तिथून आयबीएम. तिथे सिस्टिम ३६० या कॉम्प्युटरच्या अख्ख्या कुटुंबाचं काम त्यांच्याकडे आलं, जे एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झालं. आज बाइट म्हणजे आठ बिट हे आपण गृहीत धरतो ना, तेव्हा सहा बिटांची अक्षरं चालायची, त्यात कॅपिटल आणि स्मॉल दोन्ही अक्षरं मावत नव्हती, ब्रुक्सनी आठ बिटांचा आग्रह धरला आणि स्वतःच्या सगळ्या निर्णयांमध्ये त्यांनी पुढे यालाच सर्वांत महत्त्वाचा म्हटलंय.

आता बघ, वय ३३, त्या काळातल्या एका अवाढव्य कॉम्प्युटर प्रोजेक्टचा प्रमुख राहिलेला माणूस, आणि तो ते सोडून चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेला, जिथे कॉम्प्युटर सायन्सचा विभाग शून्यातून उभा करायचा होता. पुढची वीस वर्षं ते त्या विभागाचे प्रमुख होते.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जागतिक परिषदेत सदरलँडनी आपलं स्वप्न मांडलं होतं. त्याचा मथितार्थ असा की पडद्याकडे पडदा म्हणून बघू नका, खिडकी म्हणून बघा, पलीकडे एक जग आहे, आणि आपलं काम एवढंच की ते जग खरं दिसावं, खरं ऐकू यावं, हाताला खरं लागावं. ब्रुक्सनी ही खिडकी आयुष्यभर समोर ठेवली. पण त्यांनी पुढे जे केलं ते मला सदरलँडच्या हेडसेटइतकंच मोठं वाटतं. त्यांनी हेडसेट बनवायला घेतला नाही. त्यांनी विद्यापीठात विचारत सुटायला सुरुवात केली की इथे अशी कोण माणसं आहेत ज्यांची बुद्धी कॉम्प्युटरने वाढवून देण्यासारखी आहे, म्हणजे कुणाचं काम इतकं मोलाचं आणि इतकं अवघड आहे की आपण त्यांच्यासाठी अवजार बनवावं. त्यातून ते पोहोचले प्रोटीनची रचना शोधणाऱ्या बायोकेमिस्ट लोकांकडे.

त्या काळात प्रोटीनचं मॉडेल म्हणजे पितळेच्या काड्या आणि स्क्रू, खोलीभर पसारा, एक काडी हलवली की शेजारच्या चार सरकणार. ब्रुक्सच्या टीमने तेच काम स्क्रीनवर आणलं, त्या सिस्टिमचं नाव ग्रिप, सत्तरच्या दशकातली. आणि याच जोडीने १९६७ पासून दुसरं काम सुरू होतं, ग्रोप नावाचं, जे माझ्या मते त्यांच्या करिअरचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

ग्रोपची कल्पना अशी. औषधाचा रेणू प्रोटीनच्या खाचेत जाऊन बसतो, किल्ली कुलपात बसते तसा, पण दोन्हींमध्ये ओढ आणि धक्का चालू असतो, काही अणू एकमेकांना खेचतात, फार जवळ गेले की ढकलतात. हे डोळ्यांनी दाखवायचं तर किती बाण आणि किती रंग काढणार? ब्रुक्स म्हणाले ते हाताला कळू दे. त्यांनी किरणोत्सारी पदार्थ लांबून हाताळायला अमेरिकेतल्या आर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीने जो यांत्रिक हात बनवला होता तसला हात घेतला. त्याची मूठ धरून तू पडद्यावरचा रेणू हलवणार, आणि खाचेजवळ नेलास की मोटर तुझ्या हाताला तितक्याच जोराने मागे रेटणार किंवा ओढणार.

१९६७ ला सुरुवात झाली आणि पहिली काही वर्षं सपाटीवरच्या साध्या बलक्षेत्रावर गेली. मग १९७६ च्या सुमारास तिन्ही दिशांत बल जाणवू लागलं, पण कशावर, तर टेबलावर ठेवलेल्या ठोकळ्यांवर. खऱ्या रेणूसाठी लागणारं गणित इतक्या वेगाने करायला हातात होता त्याच्या शंभरपट ताकदीचा कॉम्प्युटर हवा होता. तो नव्हता. मग त्यांनी काय केलं, तर प्रोजेक्ट बांधून ठेवला, कुठलाही खोटा डेमो न करता, आणि जवळपास दहा वर्षांनी यंत्रं तेवढी वेगवान झाल्यावर १९८६ मध्ये पुन्हा उघडला. १९९० मध्ये निकाल छापून आला, खऱ्या औषधाचे रेणू, खरी प्रोटीनची खाच, सहाही दिशांत बल आणि पीळ. नुसत्या ग्राफिक्सच्या तुलनेत हाताला बल जाणवल्यावर काम साधारण दुप्पट चांगलं होतं असा त्यांचा निष्कर्ष. आणि केमिस्ट लोकांनी सांगितलं की अमुक औषध नीट का बसतं आणि तमुक का बसत नाही हे आता आम्हाला जास्त नीट कळतं.

१९६७ ते १९९०, तेवीस वर्षं. तू विचारतोस ना कशाच्या भरवशावर, तर यंत्राच्या भरवशावर नाहीच, यंत्र दहा वर्षं बंद होतं. भरवसा होता तो केमिस्टच्या प्रश्नावर, कारण तो प्रश्न १९६७ मध्येही खरा होता आणि १९९० मध्येही खराच होता. ब्रुक्स स्वतःला शास्त्रज्ञ म्हणण्यापेक्षा अवजार बनवणारा म्हणायचे, आपल्याकडे लोहार सुताराचा वाकस बनवतो तसा, आणि त्यांचं म्हणणं असं की अवजार वापरणाऱ्याचं काम फत्ते झालं तरच अवजार बनवणारा यशस्वी, एरवी नाही. अशा दुसऱ्या क्षेत्रातल्या खऱ्या प्रश्नाला गाडी बांधली की आपण सोपा भाग तेवढा सोडवून बाकीचा झाकून ठेवू शकत नाही, आणि यश आलं की अपयश हेही प्रामाणिकपणे मान्य करावं लागतं, हे त्यांनी वारंवार मांडलंय.

मला हे वाचून कळलं नव्हतं, मार खाऊन कळलं. २०११ ची गोष्ट. एका कारखान्यासाठी ओव्हरहेड क्रेनचा सिम्युलेटर करत होतो. आठ महिने आम्ही शेडवर घालवले, छपरातून येणारं ऊन, गर्डरवरचा गंज, जमिनीवरचे ऑइलचे डाग, सगळं अगदी हुबेहूब. मग तिथल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरना बसवलं, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी लिव्हर धरली, लोड उचलला, पुढे नेला, थांबवला. दोन मिनिटांत डोक्यावरचं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "साहेब, हा लोड मेलेला आहे. हलतच नाही. मग मी इथे करू काय?" आम्ही लोडचा झोका मुद्दाम कमी केला होता, बघायला बरं दिसावं म्हणून.

मामांनी मग गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याची दोरी बोटाला अडकवली आणि हात पुढे नेऊन थांबवला, कार्ड झोका खाऊन पुढे गेलं. "आता बघा," म्हणाले, आणि कार्ड पुढच्या टोकाला पोचतंय न पोचतंय तोच हात त्याच्या डोक्यावर नेऊन उभा केला. कार्ड जागच्या जागी निश्चल. ऑपरेटरचं सगळं कसब म्हणजे हे, झोका जिरवणं, आणि आमच्या आठ महिन्यांच्या कामात ते औषधालाही नव्हतं. दहा मीटर दोर सुटलेला असेल तर एका झोक्याला सहा सेकंदांपेक्षा थोडं जास्त लागतं, दोर आखडला की झोका लवकर येतो, आणि शिकाऊ माणसाची चूक होते ती तिथेच, कारण त्याचा हात मघाच्याच तालात चालत असतो. आम्ही नंतर सगळं गणित त्यावर लावलं, ग्राफिक्स निम्म्यावर आणलं, आणि शिकाऊ पोरांना प्रत्यक्ष क्रेनवर बसवून जमिनीवर आखलेल्या चौकोनात लोड किती वेळात थांबतो ते घड्याळ लावून मोजलं. त्यानंतर माझ्या कामाची पद्धतच बदलली, पहिले दोन आठवडे मी आता फक्त बघायला जातो.

ब्रुक्सकडे परत येतो, कारण त्यांनी इमारतींवर जे केलं ते तुझ्या रायगडाशी थेट संबंधित आहे. ऐंशीच्या दशकात त्यांच्या विभागाची नवी इमारत होणार होती, सिटरसन हॉल, ती १९८७ मध्ये उभी राहिली. नकाशे आले तेव्हा ब्रुक्सच्या टीमने ती इमारत बांधायच्या आधीच कॉम्प्युटरमध्ये उभी केली आणि आत फिरायची सोय केली. पुढे त्याला ट्रेडमिलही जोडली, सायकलसारखं हँडल असलेली, वळायचं तर हँडल वळवायचं. त्यात फिरताना तिथे राबणाऱ्या लोकांना वाटलं की लॉबीतल्या एका भिंतीमुळे तिथे फार कोंडल्यासारखं होतंय. आर्किटेक्ट आधी ऐकेनात, नकाशावर तर सगळं ठीक दिसत होतं, मग त्यांनाही आत चालवलं आणि भिंत सरकली. एक भिंत सरकली, एवढंच. पण कुणीतरी आत चालून गेल्यामुळे एक खरा निर्णय बदलला, आणि हे काँक्रीट पडायच्या आधी झालं.

तुझं रायगडचं काम मी व्हिडिओत पाहिलं, महादरवाजाचं मॉडेलिंग मनापासून केलंयस, ते दिसतं. तरी तुला विचारावंसं वाटतं की हे पाहून कुणाचा कुठला निर्णय बदलला? गुडघे दुखतात म्हणून वर जाऊ न शकणारी आजी असेल, तर तिला काय कळलं जे फोटोत कळलं नसतं? पडलेल्या इमारतीचं छप्पर कसं असेल यावर डोकं लावणारा एखादा अभ्यासक असेल, तर त्याला दोन शक्यता शेजारी शेजारी उभ्या करून दाखवता येतील का? याचं उत्तर असेल तर तोच तुझा रिसर्च आहे. नसेल तर ते छान काम आहे पण रिसर्च अजून सुरू व्हायचाय.

आता मोजण्याबद्दल, कारण तुझ्या आग विझवायच्या प्रोजेक्टमध्ये तू लिहिलंयस की पंचवीसपैकी तेवीस जणांना एकदम खरं वाटलं. खरं वाटलं हे तू त्यांना विचारून ठरवलंस. ब्रुक्सच्या लॅबमध्ये यावर जो प्रयोग झाला तो समजून घेच. एक व्हर्च्युअल खोली, शेजारी दुसरी खोली जिच्या मध्यभागी जमीनच नाही, वीस फूट खोल खड्डा, आणि कडेने अरुंद कठडा. खड्ड्याची मूळ कल्पना लंडनच्या मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांची, चॅपल हिलच्या लोकांनी ती पुढे नेली. प्रत्यक्षात जमीन सपाट, फक्त कठड्याच्या जागी दीड इंच जाडीची लाकडी फळी ठेवलेली. माणूस हेडसेट घालून खरोखर चालत कडेशी येतो, खाली वीस फूट दिसतात, आणि पायाच्या चवड्याला फळीची कड लागते. दीड इंच! पण डोळे आणि पाय दोघं एकच सांगतात आणि छाती धडधडायला लागते.

त्यांचा विद्यार्थी मायकेल मीहान, सोबत ब्रेंट इन्स्को, मेरी व्हिटन आणि स्वतः ब्रुक्स यांनी त्या माणसांच्या हृदयाचे ठोके, घाम आणि त्वचेचं तापमान मोजलं, २००२ मध्ये छापून आलं. ठोक्यांतला फरक सगळ्यात भरवशाचा निघाला. फळी असली की नसण्यापेक्षा ठोके जास्त वाढले. सेकंदाला १५ फ्रेमवरून ३० वर गेलं की प्रतिसाद वाढला, पण १० फ्रेमला आकडे अपेक्षेच्या उलट आले, बहुधा चित्र इतकं अडखळत होतं की माणसांचा तोलच जात असावा, आणि हे त्यांनी लपवलं नाही, तसंच मांडलं. पुढच्या वर्षी लेटन्सी, म्हणजे डोकं वळल्यापासून चित्र वळेपर्यंतचा उशीर, त्यावर प्रयोग केला, एका गटाला साधारण ५० मिलिसेकंद आणि दुसऱ्याला ९०. कमी उशिराच्या गटात ठोके जास्त वाढले आणि आपण तिथेच आहोत ही भावनाही जास्त. गंमत म्हणजे हेडसेट घातल्यावर होणाऱ्या मळमळीशी लेटन्सीचा ठोस संबंध त्या प्रयोगात दिसला नाही, जो आपण सगळे डोळे मिटून गृहीत धरतो. मी स्वतः कित्येक वर्षं क्लायंटला छातीठोकपणे सांगायचो की लेटन्सी कमी केली की मळमळ जाईल. आता सांगत नाही, आता प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तपासतो.

मधे थोडं थांबून इतकं लक्षात घे. त्यांनी आधी दुसऱ्याचा खरा प्रश्न पकडला, यंत्र पुरत नव्हतं तेव्हा थांबले पण प्रश्न सोडला नाही, आणि अवजार कामाचं आहे का हे विचारून नाही तर मोजून ठरवलं. हे सगळं करताना हेडसेटची कंपनी कुठली, सॉफ्टवेअरचं इंजिन कुठलं, हे सतत बदलत गेलं. ते एकटेही नव्हते हो, त्याच विभागात हेन्री फुक्स १९७८ पासून होते, ग्राफिक्सचं हार्डवेअर बनवणारे, कुणी छतात एलईडी लावून डोक्याची जागा पकडणारा ट्रॅकर बनवत होतं, कुणी मायक्रोस्कोपला तोच बल जाणवणारा हात जोडून विषाणूच्या कणाला बोटाने चाचपडल्यासारखं करत होतं. एका छताखाली इतक्या जातींची माणसं जमवणं हेही ब्रुक्सचंच काम होतं, आणि आयबीएममध्ये माणसं सांभाळायचा जो अनुभव घेतला तो इथे कामी आला असं मला वाटतं.

१९९९ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्याच वर्षी त्यांना कॉम्प्युटर सायन्समधला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः कॉम्प्युटरची रचना, ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमधल्या कामासाठी. लेखासाठी ते ठिकठिकाणी जाऊन बघून आले की व्हीआर रोजच्या कामात खरोखर कुठे वापरतात, डेमोत नाही, कामात. विमानाचे सिम्युलेटर, गाड्यांचं डिझाइन, अंतराळवीरांचं प्रशिक्षण, भीतीच्या आजारांवर उपचार, अशी मोजकीच ठिकाणं सापडली. त्याच्या पाच वर्षं आधी त्यांचं मत होतं की व्हीआर जवळजवळ चालतं, आणि १९९९ मध्ये मत दिलं की आता चालतं, पण जेमतेम. तीस-बत्तीस वर्षं या कामात घालवलेला माणूस जेमतेम हा शब्द वापरतो, वाढवून सांगत नाही, मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले, ९१ व्या वर्षी.

आता तुझ्याबद्दल.

घरी कर्ज असेल किंवा तुझ्या पगाराची वाट बघणारी माणसं असतील तर नोकरी घे, त्यात कमीपणा काहीच नाही, ब्रुक्सनीही आधी आठेक वर्षं कंपनीत काम केलंच. फक्त निवडायला मिळालं तर अशी जागा निवड जिथे तुझं काम वापरणारा माणूस तुला रोज दिसेल. सिम्युलेटर, मेडिकल उपकरणं, गाड्यांचे कारखाने. दर महिन्याला नव्या क्लायंटला नवा डेमो करून देणाऱ्या ठिकाणी दोन वर्षांत हात खूप चालतो, पण आपण केलेलं कुणाच्या उपयोगी पडलं की नाही ते कधी कळत नाही, कारण तोवर पुढचा डेमो आलेला असतो.

परिस्थिती थोडी मोकळी असेल तर एमटेक करून पीएचडीचा विचार कर. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं भत्ता वेगळा, एकट्याचं भागतं, मागे घर चालवायचं असेल तर ओढाताण होते, हे मी माझ्याकडे काम करून मग पीएचडीला गेलेल्या दोघांचं बघितलंय. आपल्याकडे आयआयटी मद्रासला व्हीआरवर काम करणारं एक्सटिक नावाचं केंद्र आहे, तिथे स्पर्शावरही काम चालतं, ग्रोप वाचून तुला कुतूहल वाटलं असेल तर तिथले पेपर वाचून बघ. बाहेर जायचं तर विद्यापीठाच्या नावापेक्षा गाईड बघ, आणि गाईडमध्ये एक गोष्ट बघ, त्यांच्या पेपरवर डॉक्टर, आर्किटेक्ट, केमिस्ट अशी दुसऱ्या क्षेत्रातली नावं वर्षानुवर्षं तीच तीच दिसतात का. तेच नाव सात-आठ वर्षं टिकलंय म्हणजे त्या डॉक्टरला खरंच उपयोग होतोय, नाहीतर बिझी माणूस कशाला परत परत येईल.

शिकायचं म्हणशील तर युनिटी पुरेसं झालंय तुझं. मी मुलाखतीत युनिटीवर दहा मिनिटंही घालवत नाही, मी विचारतो की शिकाऊ माणूस खरंच शिकला हे तू कसं ठरवशील, आणि इथे बहुतेक पोरं गप्प होतात. त्यासाठी स्टॅटिस्टिक्स आणि प्रयोग कसा आखायचा ते शीक, लिनिअर अल्जिब्रा पुन्हा एकदा हाताने सोडव, आणि लेटन्सी स्वतः मोजून बघ. बऱ्याच फोनच्या स्लो मोशनला सेकंदाला २४० फ्रेम मिळतात, म्हणजे एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंद. फोन असा लाव की हेडसेटच्या काचेतलं चित्र आणि कंट्रोलर धरलेला तुझा हात दोन्ही दिसतील, कंट्रोलर झपाट्याने डावी-उजवीकडे हलव, आणि खरा हात ज्या फ्रेमला उलटा फिरतो तिथून व्हर्च्युअल हात उलटा फिरेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोज. वळायच्या टोकालाच मोज, कारण हेडसेट पुढची हालचाल आधीच अंदाजाने काढत असतो आणि त्यामुळे सरळ हालचालीत उशीर झाकला जातो, हात अचानक उलटला की तो अंदाज चुकतो आणि उशीर उघडा पडतो.

आणि शेवटचं. तू सांगलीत आहेस, मिरज हाकेच्या अंतरावर, दवाखान्यांचं गाव. तिथल्या एखाद्या फिजिओथेरपी विभागात ओळख काढ, परवानगी माग, आणि दोन आठवडे रोज तासभर कोपऱ्यात बसून बघ. लकवा झालेल्या माणसाचा हात चालवताना तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताई काय करतात, पेशंट कुठल्या क्षणी कंटाळून सोडून देतो, घरी सांगितलेला व्यायाम तो का करत नाही, हात किती वर गेला हे त्या वहीत कसं टिपतात. कदाचित तुला असं दिसेल की त्यांना व्हीआर नकोच आहे, भिंतीवर आखलेली पट्टी पुरे आहे, तसं असेल तर तेही लिहून ठेव आणि दुसरा विभाग गाठ. पहिल्या आठवड्यात हेडसेट बरोबर नेऊ नकोस, तो दिसला की सगळे त्याच्याचभोवती जमतात आणि बघायचं ते राहून जातं. परत आलास की त्या ताई दिवसभरात कशाने सगळ्यात जास्त वैतागतात ते मला इथे लिहून कळव, पुढचं आपण त्यावरून बोलू.